हत्यार आणि दस्तक

‘हत्यार’ या शब्दात ‘हत्या’ नाही. कानाला तसं वाटतं खरं, आणि कानावरून व्युत्पत्ती रचायची सवयही आपल्याकडे जुनी आहे. पण हा शब्द आला आहे हातातून. संस्कृत ‘हस्त’, प्राकृत ‘हत्थ’, मराठी ‘हात’. आणि हातात धरून ज्याने काम करायचं ते हत्यार. सुताराचा रंधा नि पटाशी, पाथरवटाची छिन्नी, न्हाव्याच्या धोकटीतला वस्तरा, ही सगळी जुन्या माणसांच्या बोलण्यात हत्यारंच. खंडेनवमीला जी पूजा मांडतात तिच्यात तलवार असलीच तर एखाद्या जुन्या वाड्यात. बाकी ठिकाणी विळे, कोयते, पहारी, पाने-पकडी, आणि बारामतीच्या औद्योगिक वसाहतीत लेथ, व्हीएमसी. हळदकुंकू सगळ्यांना सारखंच लागतं आणि नावही एकच, शस्त्रपूजा.

आता दुसरा शब्द, ‘दस्तक’. फारसीत ‘दस्त’ म्हणजे हात. संस्कृतातला ‘हस्त’, अवेस्तातला ‘झस्त’ आणि फारसीतला ‘दस्त’ हे मुळात एकच. तीन घरी तीन उच्चार झाले, इतकंच. दस्तखत म्हणजे हातचं अक्षर. दस्तऐवज म्हणजे ज्याला हाताने धरून राहायचं, ज्याचा आधार घ्यायचा ते. आणि दस्तक म्हणजे अधिकाऱ्याच्या हातचं पत्र: हा माल अमुक ठिकाणाहून तमुक ठिकाणी चालला आहे, वाटेत कोणी अडवू नये. मोल्सवर्थच्या कोशात दस्तक म्हणजे परवानाच. हल्ली वर्तमानपत्रांत पाऊस ‘दस्तक देतो’ तेव्हा तो हिंदीतला, दारावर थाप मारण्याचा अर्थ असतो. आपल्या भाषेने पिढ्यान्‌पिढ्या वापरलेला अर्थ आपण असा सहज टाकून दिला, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

म्हणजे हत्यार, आणि त्या हत्याराला सीमेबाहेर सोडणारं दस्तक, ही दोन्ही एकाच हाताची लेकरं. एक प्राकृताच्या वाटेने घरात आलं, दुसरं फारसीच्या. शस्त्रं, विमानांचे भाग, क्षेपणास्त्रांचं साहित्य परदेशी पाठवण्यावर आज जगभर जे कायदे आहेत, ते शेकडो पानांचे असले तरी त्यांच्या मुळाशी प्रश्न एकच असतो: ही वस्तू शेवटी कोणाच्या हातात पडणार? आपल्या शब्दांच्या पोटात हा प्रश्न आधीपासूनच बसलेला आहे. आणि तो उलगडायला सुप्याइतकी योग्य जागा मला दुसरी दिसत नाही.

सुपे म्हणजे बारामती तालुक्यातलं, मोरगावच्या शेजारचं. पारनेर तालुक्यातलं सुपा वेगळं. एके काळी हा परगणा होता. भोसल्यांच्या जहागिरीचा उल्लेख येतो तिथे पुणे आणि सुपे ही नावं जोडीने येतात. शहाजीराजांच्या वतीने इथला कारभार संभाजी मोहिते पाहत, आणि तो शिवाजी महाराजांनी त्यांच्याकडून आपल्या ताब्यात घेतला. पण जगाच्या इतिहासात सुप्याचं नाव गेलं ते १२ मे १८७५ या दिवसामुळे. त्या दिवशी भोवतालच्या गावांतले शेतकरी सुप्याला जमले आणि सावकारांच्या दुकानांवर चालून गेले. त्यांनी धान्य लुटलं, काही घरंही पेटली. पण जमावाने आधी मागितले ते कागद. वह्या, खतं, रोखे बाहेर काढायला लावले आणि जाळले. तिथून हे लोण पुणे आणि अहमदनगर जिल्ह्यांत पसरलं. इंग्रज सरकारने त्याला ‘दख्खनचे दंगे’ असं नाव दिलं, चौकशीसाठी आयोग नेमला आणि १८७९ मध्ये दख्खन शेतकरी साहाय्य कायदा केला.

जाळले गेलेले शब्द पाहा. ‘रोखा’ हा अरबी ‘रुक्आ’: ठिगळ, तुकडा, चिठ्ठी. ‘खत’ म्हणजे मुळात रेघ, मग लिखाण, मग कर्जाचा कागद. १८५९ च्या मुदतीच्या कायद्याने कर्जरोख्याचं आयुष्य तीन वर्षांवर आणलं. हेतू कुळाच्या भल्याचा होता, व्याज साचत जाऊ नये असा. प्रत्यक्षात दर तीन वर्षांनी सावकार खत नवं करून घ्यायचा, थकलेलं व्याज मुद्दलात घालायचा आणि वाचता न येणाऱ्या माणसाचा अंगठा उठवून घ्यायचा. कायदा अक्षरशः पाळला जात होता आणि कायद्याने ज्याला वाचवायचं तोच बुडत होता. नियमपालनाच्या आजच्या प्रत्येक प्रशिक्षणात हे उदाहरण पहिलं सांगायला हवं, असं माझं ठाम मत आहे. कागद बिनचूक असणं आणि कागदामागचा हेतू पार पडणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. सुप्याच्या शेतकऱ्यांना हा फरक अंगावर झेलून कळला होता.

त्याच मुलखात आज काय बनतं ते पाहू. बारामतीला भारत फोर्जचा कारखाना आहे. बोइंगच्या ७३७ विमानाच्या पंखातले टायटॅनियमचे फ्लॅप-ट्रॅक या कंपनीने पुरवायला घेतले, तेव्हा घडाई पुण्यात आणि उष्णतेची प्रक्रिया व यंत्रण बारामतीत अशी कामाची वाटणी झाली. पूर्वेकडे इंदापूर तालुक्यात वालचंदनगर. साखर कारखान्याभोवती वसलेल्या या गावात साखरेची यंत्रं घडवणाऱ्या कारखान्यातून पुढे इस्रोच्या अग्निबाणांच्या मोटारींची आवरणं आणि अणुऊर्जा प्रकल्पांची अवजड सामग्री बाहेर पडली. ज्यांच्या नावाचं हे गाव, त्या वालचंद हिराचंदांनी १९४० च्या डिसेंबरात बंगळूरला हिंदुस्तान एअरक्राफ्ट ही कंपनी काढली. आजच्या एचएएलचं मूळ तिथे आहे. उसाचा रस काढणारी यंत्रं आणि अवकाशात जाणारं आवरण एकाच गावच्या हातांनी घडावं, हे हत्यार या शब्दाच्या जुन्या अर्थाला धरूनच झालं म्हणायचं.

अशा कारखान्यांच्या कचेऱ्यांत ‘स्कोमेट’ हा शब्द रोजचा आहे. खास रसायनं, जीव, साहित्य, उपकरणं आणि तंत्रज्ञान यांच्या इंग्रजी आद्याक्षरांचा हा जोडशब्द. विदेश व्यापार महासंचालनालयाची ही यादी. तिच्यातली वस्तू परवान्याशिवाय देशाबाहेर पाठवता येत नाही. पाचवा वर्ग हवाई आणि अवकाश सामग्रीचा, सहावा युद्धसामग्रीचा. सहाव्या वर्गातल्या मालाची परवानगी संरक्षण उत्पादन विभाग देतो, आणि अणूशी संबंधित शून्याव्या वर्गाची अणुऊर्जा विभाग. मुळाशी १९९२ चा विदेश व्यापार कायदा आणि सर्वसंहारक अस्त्रांविषयीचा २००५ चा कायदा आहे. त्यात अमेरिकेशी धंदा असला की ‘आयटार’ हे अमेरिकेचे संरक्षण सामग्रीविषयीचे नियम येतात. अमेरिकी संरक्षण सामग्रीचा भाग किंवा तिचं ड्रॉइंग एकदा हातात आलं की ते तिसऱ्या देशात पाठवायलाही अमेरिकेची परवानगी लागते. त्यांचा कायदा वस्तूच्या मागोमाग बारामतीपर्यंत चालत येतो. भारत स्वतः २०१६ च्या जूनमध्ये क्षेपणास्त्र तंत्रज्ञान नियंत्रण व्यवस्थेत, २०१७ च्या डिसेंबरात वासेनार व्यवस्थेत आणि २०१८ च्या जानेवारीत ऑस्ट्रेलिया गटात, अशा निर्यात नियंत्रणाच्या तीन आंतरराष्ट्रीय मंडळांत गेला. १९९३ साली अमेरिकेच्या दबावाखाली रशियाने क्रायोजेनिक इंजिनाचं तंत्रज्ञान द्यायला नकार दिला होता आणि १९९८ च्या अणुचाचण्यांनंतर आपल्या अनेक संस्था अमेरिकेच्या बंदीच्या यादीत गेल्या होत्या, हे लक्षात घेतलं म्हणजे या प्रवेशांचं मोल कळतं. आपण नकार सोसलेले आहोत, आणि आता इतरांना हो किंवा नाही म्हणायची जबाबदारी आपल्यावरही आली आहे.

‘यादी’ हा शब्दही जाता जाता पाहून घ्यावा. तो ‘याद’ म्हणजे आठवण यातून आला. विसरू नये म्हणून लिहून ठेवलं ती यादी. पेशवे दफ्तरात यादी म्हणजे टिपण, स्मरणपत्र. निर्यातीच्या याद्याही त्याच कामाच्या: कोणती वस्तू कोणाच्या हाती पडून एकदा काय झालं, याची राष्ट्रांनी ठेवलेली आठवण.

या सगळ्यात अवघड कल्पना आहे ती दुहेरी उपयोगाची. जी वस्तू शेतावर, दवाखान्यात, कारखान्यात लागते तीच युद्धातही लागते, तिचं काय करायचं? नव्या अधिकाऱ्यांना ही कल्पना समजावताना प्रशिक्षक दमतात. मराठीत तिच्यासाठी ‘दारू’ हा एक शब्द पुरतो. फारसीत ‘दारू’ म्हणजे औषध. तो अर्थ आपल्याकडे ‘दवादारू’ या जोडशब्दात अजून जिवंत आहे. मग तोच शब्द तोफेत ठासायच्या भुकटीला लागला, ‘दारूगोळा’, ‘दारूखाना’, ‘शोभेची दारू’. आणि पिण्याच्या दारूला तर लागलाच. औषध, स्फोटक आणि नशा, एकाच नावाखाली. वस्तू कोणाच्या हातात आणि कशासाठी, हे कळल्याशिवाय ‘दारू’चा अर्थच लागत नाही. स्कोमेटच्या तज्ज्ञाला नेमकं हेच म्हणायचं असतं.

त्या ठासायच्या भुकटीतला मुख्य घटक सोरा. फारसी ‘शोर’ म्हणजे खारट, त्यावरून ‘शोरा’, त्यावरून आपला सोरा. रसायनशास्त्रात तो पोटॅशियम नायट्रेट. बारामती-इंदापूरचा द्राक्ष-डाळिंबवाला बागायतदार कृषी सेवा केंद्रात जाऊन ‘तेरा-झिरो-पंचेचाळीस’ची बॅग मागतो तेव्हा तो हाच सोरा मागत असतो, तेरा टक्के नत्र आणि पंचेचाळीस टक्के पालाश, ठिबकमधून सोडायला. त्याच दुकानात भुरीसाठी गंधकही मिळतं. सतराव्या शतकात ज्या दोन जिनसांसाठी किल्लेदार जिवाचं रान करायचे, त्या आज बागेच्या खात्यावर उधारीने मिळतात. त्यात वाईट काही नाही. पण त्याच कुळातल्या अमोनियम नायट्रेटवर सरकारला २०१२ मध्ये वेगळे नियम करावे लागले, कारण ते खतही होतं आणि बॉम्बस्फोटांतही सापडू लागलं होतं. वस्तू तीच राहते, हात बदलतो आणि कायदा जागा होतो.

आपल्या शस्त्र कायद्यानेही हा पेच ओळखला आहे. सुप्याच्या दंग्यानंतर तीनच वर्षांनी, १८७८ मध्ये, लॉर्ड लिटनच्या कारकिर्दीत हत्यारांचा कायदा आला. शस्त्रं बनवणं, विकणं, बाळगणं, आणणं आणि बाहेर पाठवणं या सगळ्यांवर सरकारी परवाना बसला. स्वतंत्र भारताच्या १९५९ च्या कायद्यात शस्त्राची व्याख्या करताना घरगुती किंवा शेतीच्या कामासाठीच केलेल्या वस्तू, जसं की लाठी आणि साधी हातकाठी, वगळल्या आहेत. म्हणजे वस्तू कशासाठी घडवली याला महत्त्व आलं. कोयत्याचा विचार करा. ऊसतोडीच्या बोलीत नवरा-बायको मिळून ‘एक कोयता’ होतात. मुकादम ‘दहा कोयते आणले’ म्हणतो तेव्हा तो दहा जोडपी मोजत असतो. हत्यारच माणसाचं माप झालं. आणि पुण्याच्या गुन्हेवृत्तांत तोच कोयता आला की पोलीस त्याला शस्त्र म्हणतात, आणि बरोबरच म्हणतात.

पोलादातही हा पेच आहे. पीएसएलव्हीच्या पहिल्या टप्प्याचं आवरण ज्या पोलादाचं असतं त्याला मॅरेजिंग पोलाद म्हणतात. या नावाचा लग्नाशी काही संबंध नाही. मार्टेन्साइट ही पोलादाची एक अवस्था, जर्मन धातुशास्त्रज्ञ आडोल्फ मार्टेन्स यांच्या नावावरून. ते पोलाद ठरावीक उष्णतेत मुरवायचं, इंग्रजीत त्याचं ‘एजिंग’ करायचं. दोन शब्द जुळले आणि मॅरेजिंग झालं. हेच पोलाद युरेनियम समृद्ध करणाऱ्या यंत्राच्या फिरत्या नळ्यांनाही चालतं. म्हणून त्याच्या पत्र्याची आणि नळीची विचारपूस जगभर होते.

आता परवान्यांकडे येतो, कारण इथे शब्दांनी केलेला प्रवास मला सगळ्यात आवडतो.

पोर्तुगीजांनी सोळाव्या शतकात आपल्या समुद्रावर ‘कार्ताझ’ची पद्धत बसवली. कार्ताझ म्हणजे जहाजाचा परवाना. त्यात जहाजाचं नाव, नाखव्याचं नाव, कुठून कुठे, जहाजावर हत्यारं किती आणि कोणता माल नेता येणार नाही हे लिहिलेलं असायचं. मिरी मना, युद्धसामग्री मना. कार्ताझ नसेल किंवा मना केलेला माल सापडला तर जहाज जप्त. विजापूरच्या आदिलशाहीची जहाजंही हा कागद घेऊनच निघत. निर्यात नियंत्रणाचा आजचा अर्ज उघडला तर रकाने फारसे वेगळे दिसत नाहीत.

हा ‘कार्ताझ’ पोर्तुगीजांनी अरबीतून उचलला; अरबी ‘किर्तास’ म्हणजे कागद, आणि तो ग्रीक ‘खार्तेस’ या शब्दातून आला. त्याच ग्रीक शब्दातून लॅटिन ‘कार्ता’, त्यातून इटालियनमध्ये कागदाची सुरळी या अर्थाचा शब्द, तो पोर्तुगीजांकडे ‘कार्तुशु’ झाला, आणि कोकणच्या किनाऱ्यावर उतरून मराठीत झाला ‘काडतूस’. कागदाच्या सुरळीत दारू भरायची ते काडतूस. हत्यार आणि दस्तक जसे एका हाताचे, तसे काडतूस आणि कार्ताझ एका कागदाचे. गोळी आणि गोळीला मनाई करणारा परवाना यांचं आजोळ एक निघावं, हे मी प्रथम कोशात ताडून पाहिलं तेव्हा कितीतरी वेळ तेच पान उघडं ठेवलं होतं.

परवाना देणं ही सत्तेची खूण आहे, हे मराठ्यांनाही ठाऊक होतं. कान्होजी आंग्रे यांनी किनाऱ्यावरून जाणाऱ्या जहाजांनी आपलं दस्तक घ्यावं असा आग्रह धरला. इंग्रजांनी ते नाकारलं, आणि आंग्रे-इंग्रज वैराचं एक मोठं कारण तेच. इंग्रजी बखरकारांनी कान्होजींना चाचा म्हटलं. ज्याचं दस्तक मान्य करायचं नाही, त्याला चाचा म्हणणं सोपं जातं.

दस्तकाचा सर्वांत मोठा गैरवापर मात्र बंगालमध्ये झाला, आणि तो करणारी एक कंपनी होती. १७१७ मध्ये बादशहा फर्रुखसियरच्या फर्मानाने ईस्ट इंडिया कंपनीच्या मालाला जकात माफ झाली. कंपनीचं दस्तक दाखवलं की माल सुटायचा. कंपनीच्या नोकरांनी तीच दस्तकं आपल्या खाजगी व्यापाराला लावली, इतरांना विकलीही. नबाब मीर कासिमने कंटाळून शेवटी सगळ्यांचीच जकात उठवली. त्यावरून युद्ध पेटलं आणि १७६४ ला बक्सर झालं. एका परवान्याच्या गैरवापरातून एक प्रांत गेला.

पण मराठी वाचकाला जवळचा दाखला पन्हाळ्याचा आहे. १६६० मध्ये सिद्दी जौहरने पन्हाळ्याला वेढा घातला होता आणि महाराज आत होते. राजापूरच्या इंग्रज वखारीचा प्रमुख हेन्री रेव्हिंग्टन काही माणसं आणि तोफगोळे घेऊन सिद्दीच्या मदतीला गेला, आणि इंग्रजांचं निशाण लावून त्यांनी गडावर मारा केला. महाराज वेढ्यातून निसटले. १६६१ च्या आरंभी त्यांनी राजापूरवर चाल करून वखारीतल्या इंग्रजांना कैद केलं. कैद्यांनी सुरतेला आपल्या वरिष्ठांकडे सुटकेसाठी लकडा लावला, तेव्हा सुरतेहून उत्तर आलं की तुम्ही कंपनीच्या मालाचं रक्षण करताना पकडले गेला नाहीत, पन्हाळ्याच्या वेढ्यात जाऊन सगळ्यांना ओळखू येणाऱ्या निशाणाखाली गोळे टाकलेत म्हणून पकडले गेलात. अनेक देशांत धंदा करणाऱ्या शस्त्रविक्रेत्या कंपनीच्या मुख्य कचेरीने नियम मोडणाऱ्या शाखेला लिहिलेलं पत्र म्हणून मी हे वाचतो. माल कोणाला द्यायचा, कोणाच्या युद्धात पडायचं आणि त्याची किंमत कोण मोजणार, हे तिन्ही प्रश्न त्यात आहेत. ‘तोफ’ हा तुर्की ‘टोप’. त्याचा मूळ अर्थ चेंडू, गोळा. तो चेंडू कोणाच्या अंगणात पडतो याचा हिशेब महाराजांनी राजापुरात चुकता केला.

या कायद्यांच्या आजच्या भाषेत एक जागा अशी आहे जिथे शब्दच माणसाला खड्ड्यात घालतो. अमेरिकी नियमांत परदेशी नागरिकाला त्यांच्या देशातच नियंत्रित तंत्रज्ञान दाखवलं, समजावून सांगितलं, तरी ती त्याच्या देशाला झालेली निर्यात मानतात; इंग्रजीत याला ‘डीम्ड एक्सपोर्ट’ म्हणतात. भारताच्या विदेश व्यापार धोरणातही नेमकं हेच इंग्रजी नाव आहे, पण अर्थ पार वेगळा: देशातल्या देशातच केलेला काही ठरावीक पुरवठा निर्यात समजून त्याला सवलती द्यायच्या. एका ठिकाणी सवलत, दुसऱ्या ठिकाणी परवान्याशिवाय केली तर गुन्हा. नाव तेच. दोन्हीकडे माल सीमा ओलांडत नाही. पुण्याच्या कचेरीतला माणूस भारतीय अर्थ मनात धरून अमेरिकी ग्राहकाच्या प्रश्नावलीत ‘होय’ लिहून बसला तर त्याला दोष कसा द्यायचा?

मराठीने मात्र यातल्या ‘डीम्ड’ला फार सुरेख प्रतिशब्द दिला आहे: ‘मानीव’. कोरीव, रेखीव, घडीव यांच्या ओळीतला. गृहनिर्माण संस्थांच्या ‘मानीव अभिहस्तांतरणा’मुळे तो हजारो घरांत पोचला. दगड कोरला की कोरीव, गोष्ट मानली की मानीव. प्रत्यक्षात नाही, कायद्याच्या मानण्यात आहे, हे एका प्रत्ययाने सांगून टाकलं. आणि ‘अभिहस्तांतरण’ या बोजड शब्दाच्या मधोमध पाहा कोण बसलं आहे: हस्त. ‘तंत्रज्ञान हस्तांतरण’ यातही तोच. एका हातातून दुसऱ्या हातात. हे कायदे बनवणाऱ्यांनी ज्याची सर्वाधिक धास्ती घेतली ती हीच गोष्ट, कारण वस्तू बंदरावर पकडता येते, ज्ञान पकडता येत नाही. २०१० मध्ये आपल्या विदेश व्यापार कायद्यात तंत्रज्ञान आणि सेवा स्पष्टपणे आणल्या गेल्या त्या यासाठी. ड्रॉइंगची फाइल ईमेलने गेली, सर्व्हरवर ठेवलेली बाहेरच्या माणसाने उघडली, फोनवर माप सांगितलं, तरी ते बाहेर जाणंच. ‘निर्यात’ या शब्दाचा अर्थ तरी दुसरा काय? निर् म्हणजे बाहेर, यात म्हणजे गेलेलं. जहाज, पेटी, गाडी यांचा त्यात उल्लेखच नाही.

‘अनुपालन’ हा सरकारी शब्द अनेकांना आवडत नाही. मला तो आवडतो. इंग्रजी ‘कम्प्लाय’च्या मुळाशी लॅटिनमधला ‘पूर्ण भरणे’ हा अर्थ आहे. आणि खरंच, त्या कामात माणसं अर्ज भरतात. ‘अनुपालना’त पालन आहे, म्हणजे सांभाळणं, रक्षण. ‘हमी’ या शब्दातही तेच. अरबी ‘हामी’ म्हणजे रक्षणकर्ता. नियम पाळायचा म्हणजे कोणाचं तरी रक्षण करायचं, ही समज आपल्या शब्दांत आहे आणि ती टिकवायला हवी. याउलट ‘अंतिम वापरकर्ता प्रमाणपत्र’ हा शब्द जीभ जड करतो. परदेशी खरेदीदार लिहून देतो की हा माल मीच वापरीन, सांगितलेल्या कामालाच वापरीन, परवानगीशिवाय पुढे कोणाला देणार नाही, आणि खोटं ठरलो तर परिणाम भोगीन. याला आपल्याकडे तुर्कीतून आलेला ‘मुचलका’ हा शब्द केव्हाचा आहे. कोर्टात ‘जातमुचलका’ म्हटलं की अशिक्षितालाही कळतं की आता आपली मान अडकली. खरेदीदाराचा मुचलका म्हणा. अर्थ लगेच बसतो.

हे मी भाषेच्या हौसेपोटी सांगत नाही. ड्रॉइंग हाताळणारा, पेटीवर चिठ्ठी डकवणारा, गेटपास फाडणारा, पाहुण्यांना शॉपवर फिरवणारा माणूस बारामती, सुपे, इंदापूर इथल्या घरांतून येतो. नियम पाळला जातो किंवा मोडतो तो त्याच्या हातून. १८७९ च्या कायद्यात एक तरतूद होती: शेतकऱ्याचा दस्त ग्रामनिबंधकासमोर व्हावा, आणि मजकूर त्याला समजला आहे याची खात्री करूनच व्हावा. सुप्यात कागद जळाले तेव्हा कुठे सरकारला ही अक्कल सुचली. आज प्रशिक्षणाच्या इंग्रजी पडद्याखाली शंभर सह्या घेऊन हजेरीचा कागद फाइलला लावला जातो, तेव्हा ती तरतूद मला आठवते. तपासनीस आले की तो कागद बिनचूक निघतो. सही करणाऱ्याला विचारा, की भागाचा फोटो मोबाइलवर का काढायचा नाही? ‘साहेबांनी सांगितलंय म्हणून’ हे उत्तर आलं तर ते अनुपालन झालेलं नाही.

एक शब्द राहिला, ‘भंगार’. ‘भंगणे’, ‘भंग’ यांच्या कुळातला. मोडलेला, फुटका धातू. विमानाचा किंवा तोफेचा एखादा भाग तपासणीत नापास झाला की तो अखंड स्वरूपात विकता येत नाही; कोणीतरी तो चांगला म्हणून पुन्हा बाजारात आणील, किंवा माप घेऊन तसाच दुसरा घडवील. म्हणून तो कापायचा, पुन्हा जोडता येणार नाही अशा जागी कापायचा, त्याची नोंद ठेवायची आणि मगच वजनावर द्यायचा. शॉपवरची पोरं कधी कधी कुरकुरतात, की भंगारच आहे तर कापायचा खटाटोप कशाला? त्यांना शब्दाचा अर्थ सांगावा. भंगलं नाही तोवर ते भंगार नव्हे.